स्वागताची वही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेतही धड नाही. तिथंही मी 'माझ्या चुकांची क्षमा कर' असं मोघम बोलून पुढं सरकते, जणू देवाला तपशील नकोच असतात! तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरीही दाराला कडी लावून बसलेय. भर दुपारी.

बजाजनगरात मी कंपन्यांमधल्या कामगारांना डबे करून देते, आणि रविवारी आमच्या चर्चच्या दारात उभी राहते. चर्च म्हणजे भाड्यानं घेतलेला पत्र्याचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी, आणि भिंतीवर क्रूस. नवीन माणूस आलं की माझ्या तावडीतून सुटत नाही, असं सगळे चेष्टेनं म्हणायचे. हात जोडून 'जय ख्रिस्त', थंड पाणी, पंख्याखालची खुर्ची, उपासना झाली की चहा, आणि जाताना डब्यात काहीतरी भरून द्यायचं. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू? परक्याला आपलं घर वाटलं पाहिजे, असं मी इतरांना ठणकावून सांगायचे.

स्वागताची वही ही माझीच कल्पना. नाव, पत्ता, मोबाईल, आणि शेवटच्या रकान्यात प्रार्थनेची विनंती. नवीन आलेल्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, मग आठवडाभर आम्ही त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. फार गोड पद्धत आहे, असं बाहेरून आलेले पाहुणेही म्हणायचे.

सविता आली त्याला चार वर्षं झाली. एका कंपनीत पॅकिंगला होती. आमच्या शोभानं तिला एकदा आणलं. गाणी सुरू झाली तशी ती पदराआड रडत बसली. पुढच्या रविवारी एकटीच आली. मी वही पुढं केली, तर मागं सरकली. "ताई, नाव नगं. घरी कुणाला ठाव नाय."

आणि मी काय केलं? हसले. तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, अगं, ही वही हॉलच्या कपाटात माझ्या कुलपात असते. इथं तू माझी बहीण आहेस. बहिणीच्या घरी कुणी भितं का?

तिनं लिहिलं. पेन घट्ट धरून, एकेक अक्षर. शेवटच्या रकान्यात लिहिलं — घरच्यांची भीती जावी.

दोन महिने ती येत राहिली. हळूहळू मोठ्यानं गायला लागली. चहाचे कप माझ्या हातातून ओढून घ्यायची, विसळायला.

मग तो गुरुवार. सकाळचे अकरा वाजले असतील. रविवारी प्रीतिभोजन होतं, म्हणून मी हॉलमध्ये एकटीच मोठी पातेली पुसत होते. बाहेर दोन मोटरसायकली थांबल्या. दोघं फाटकाशीच उभे राहिले, एक आत आला. चाळिशीचा, पांढरा शर्ट. चपला दाराबाहेर काढल्या त्यानं — हे मला अजून दिसतं. करमाडहून आलोय म्हणाला, सविताचा थोरला दीर. पाणी मागितलं. मी दिलं.

"ताई, आमच्या घरची बाई इथं येती का? खरं सांगा. तुमचं आमचं काय भांडण नाय."

त्या दिवसांत इकडून तिकडून कानावर यायचं, कुठं प्रार्थनेत लोक घुसले, कुठं खुर्च्या मोडल्या. मला एका क्षणात सगळं दिसलं. पोलीस. हॉल खाली करा म्हणणारा मालक. माझा फोटो लोकांच्या मोबाईलवर फिरतोय, डबे बंद झालेत. यातलं त्यानं काहीच केलं नव्हतं. तो पाणी पीत उभा होता. मी नाही म्हणू शकले असते. पाळकसाहेबांना विचारा म्हणू शकले असते. नुसती गप्प राहिले असते तरी —

मी कपाट उघडलं.

त्यानं वही मागितली नव्हती. अशी काही वही असते, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मी ती काढली, पान शोधलं, त्याच्याकडं फिरवून धरली आणि तिच्या नावावर बोट ठेवलं. वर म्हणाले, "ती आपणहून आली. बघा, तिचंच अक्षर आहे. आम्ही कुणाला बोलवायला जात नाही."

शेवटच्या रकान्याशी तो थांबला. दोनदा वाचलं. मोबाईलवर फोटो काढला, 'येतो ताई' म्हणाला आणि चपला घालून गेला.

रविवारी सविता आली नाही. फोन बंद. तिला काम सोडायला लावून करमाडला नेलं, अशी बातमी शोभानं आणली. घरी कसं कळलं, सगळे विचारायला लागले. आणि मी सांगितलं की तीन माणसं आली होती, त्यांनी वही हिसकावली, माझा हात पिरगळला. मनगटाला फडकं बांधलेलंच होतं. तव्याचा चटका होता तो. बाया रडल्या. पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावून साक्ष द्यायला सांगितलं, आणि मी दिली! सगळ्यांसमोर उभं राहून, देवाचे आभार मानत.

तेव्हापासून हॉलसमोर मोटरसायकल थांबली की माझ्या तोंडचं पाणी पळतं. दारात कुणी नवीन आलं की आधी त्याच्या मागं कोण आहे ते बघते, मग हसते. त्या माणसाला भिते का मी? तो कशाला परत येईल? त्याला हवं ते मिळालं. मी भिते त्याच्या तोंडाला. खरं काय झालं ते त्याला माहीत आहे.

गेल्या वर्षी शहागंजात सविता दिसली. कापडाच्या दुकानाबाहेर उभी होती, सासू आत साड्या बघत होती. फार वाळली होती. मी वळून गल्लीत शिरणार होते — हो, पळणारच होते — पण तिनं मला आधी पाहिलं. धावत आली. माझं मनगट धरलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"शोभानं सांगितलं मला. लई दुखलं का वो ताई? माझ्यापायी झालं."

तिनं दुकानाकडं एकदा बघून घेतलं आणि घाईघाईनं म्हणाली, "भाऊजी म्हणत्यात, बाईनं आपल्या हातानं वही काढून दाखवली. मी म्हणलं, खोटं हाय, आमच्या ताई तशा नाय. त्याच्यावरनं लई मारलं मला. पर मी नाय मानलं."

आतून सासूनं हाक मारली. सविता अजून माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हणाले, "आता नाही दुखत."

तिला केवढं बरं वाटलं. हसली, आणि आत गेली.