तीन चिमटे

नाडकर्णी मास्तर कपडे वाळत घालता घालता शिकवायचे. इथे परदेशात, माउंट रॉस्किलला, आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण आहे. पलीकडे त्यांची कपडे वाळत घालायची छत्री, एका खांबावर दोऱ्या ताणलेली, वाऱ्याने गरगर फिरणारी. शनिवारी सकाळी ते ओल्या कपड्यांची टोपली घेऊन बाहेर यायचे आणि पहिला शर्ट लावायच्या आधी दोरीवर तीन चिमटे लावायचे. एक तांबडा, एक निळा, एक पिवळा. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "मावशी, आजचा प्रश्न."

ते कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना नीतिशास्त्र शिकवत. चांगलं काय, वाईट काय, आणि ते ठरवायचं कशावरून. सोमवारचा तास ते शनिवारी माझ्यावर करून बघायचे. मी चौथी शिकलेली. "तुम्हाला कळलं तर वर्गाला कळेल," असं तोंडावर म्हणायचे. मला राग यायचा नाही. मीही तोंडावरच बोलते.

"तांबडा म्हणतो, शेवटी झालं काय ते बघा. लोकांचं भलं झालं तर काम चांगलं. निळा म्हणतो, झालं ते जाऊ दे, करायला हवं होतं ते केलंत का? खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. पिवळा म्हणतो, एका कामाचं काय घेऊन बसलात, करणारा माणूस कसा घडलाय ते बघा."

"मग खरा कोणता?"

"ते माहीत असतं तर तीन चिमटे कशाला घेतले असते?"

एकदा त्यांनी विचारलं, शेजारणीने शिरा आणून दिला, पार बिघडलाय, आणि ती विचारतेय कसा झालाय. काय सांगाल?

"बिघडलाय म्हणून सांगेन."

"तिला वाईट वाटेल."

"वाटू दे. पुढच्या वेळी नीट करेल."

मास्तर हसले. "मावशी, तुम्ही निळ्याच्या. आणि सबब मात्र तांबड्याची देता." तेव्हापासून ते मला निळा चिमटा म्हणायला लागले. माझा मुलगा प्रकाश याला ते नाव फार पटलं.

मास्तरांची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि त्यांचा मुलगा ओंकार. ओंकार इंजिनियर, उंच, बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. त्याचं मराठी निम्म्यावर यायचं आणि पुढे इंग्रजी व्हायचं. "आजी, डॅड थांबणार नाहीत," तो म्हणायचा. "मी शाळेत टॉग्ज विसरून गेलो ना, तरी तीन चिमटे निघायचे." टॉग्ज म्हणजे पोहायची चड्डी. पोरगं पाण्यातच वाढलं. मास्तरांना मात्र पोहता येत नव्हतं.

एकच प्रश्न मास्तरांना सोपा वाटायचा. तो ते दर वर्षी पहिल्या तासाला घ्यायचे. "मूल बुडतंय आणि तुम्ही काठावर आहात. मावशी, इथे तिघांचं भांडण नाही." मग बोटाने तिन्ही चिमटे दोरीच्या एका टोकाला सरकवायचे. टक, टक, टक. ओंकारने हे लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावरसुद्धा चिमटे पडलेले असत.

उन्हाळा सरत आला होता. ओंकार मित्रांबरोबर पश्चिमेच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर गेला. गाडीतून सामान काढत होता, तेवढ्यात कुणाची तरी लहान मुलगी लाटेने ओढत नेली. तो कपड्यांनिशी गेला. मुलीला फळीवर लाटा खेळणाऱ्या एका माणसाने उचललं. ती वाचली. ओंकार पुढे काही दिवसांनी खालच्या किनाऱ्याला सापडला. पोलिसांनी त्याची पिशवी आणून दिली. आत टॉग्ज होती. कोरडी, घडी केलेली.

दहाव्याला पिंड त्यांच्या मागच्या अंगणात ठेवला. या गावात कावळा नाही. साळुंक्या आहेत, त्यांच्यावरच आमच्या लोकांचं भागतं. ठेवल्या ठेवल्या साळुंकी उतरली आणि शिवली. सगळ्यांना बरं वाटलं. मास्तर माझ्या शेजारी उभे होते. यातल्या कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. पुण्याच्या बहिणीने फोनवर हट्ट धरला म्हणून सगळं केलं. पण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बघा, त्याचं काही राहिलं नव्हतं. राहिलं ते माझं."

पुढच्या शनिवारी ते टोपली घेऊन बाहेर आले. टोपलीत एकच कपडा होता. त्यांनी ती टॉग्ज दोरीवर लावली, तिन्ही चिमट्यांनी.

"मास्तर, न वापरलेली चड्डी कशाला धुतलीत?"

"शनिवार आहे," ते म्हणाले.

मग दर शनिवारी. मी भांडी घासत असले की समोरच्या खिडकीतून दिसायचं. वारा सुटला की चड्डीत हवा भरायची, दोन पाय फुगायचे, आणि छत्री फिरायला लागली की ते पाय गोल गोल पळायचे. खाली मास्तर उभे. मी पडदा लावून पाहिला. पडद्याआडूनही सावली फिरायची.

प्रश्नही एकच उरला होता. कुंपणाशी येऊन विचारायचे, "मावशी, मी ते शिकवलं नसतं तर तो गेला असता का पाण्यात?"

"नसता गेला," मी म्हणायची.

ते मान हलवायचे. "निळा चिमटा," म्हणायचे आणि आत जायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा यायचे. जणू मागचं उत्तर ऐकलंच नव्हतं.

प्रकाश माझ्यावर चिडला. "आई, एकदा खोटं बोललीस तर काय बिघडेल?"

"त्यांना कळेल."

"कळू दे की. म्हातारा जरा झोपेल तरी."

"मला विचारतात ते खरं ऐकायला. गोड ऐकायला तुला विचारतील."

प्रकाशला त्यांनी कधी विचारलं नाही.

ते वर्गावर परत गेले. माझी नात तन्वी त्या वर्षी त्यांच्या वर्गात होती. एकदा घरी येऊन तिने सांगितलं. बुडणाऱ्या मुलाचा प्रश्न आला तेव्हा सरांनी चिमटे हातात घेतले. मग नेहमीसारखे तिन्ही एका बाजूला लावले आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पण हे उत्तर देणाऱ्याने ते आपल्या घरात सांगून बघावं." मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. काय करणार, परीक्षेला येईल असं वाटलं त्यांना.

मागच्या हिवाळ्यात मास्तर गेले. शनिवारी कपडे बाहेर आले नाहीत म्हणून मी प्रकाशला पाठवलं. खुर्चीतच होते. टॉग्ज धुऊन पिळलेली, सिंकच्या काठावर.

मुलगा नाही, म्हणून सगळं प्रकाशने केलं. दहाव्याला पिंड छत्रीखाली ठेवला. साळुंक्या कुंपणावर येऊन बसल्या, खाली उतरेनात. फोनच्या पडद्यावरून बहीण म्हणाली, "दादा, तुझी पुस्तकं कॉलेजला देईन." एकही साळुंकी हलली नाही. प्रकाश म्हणाला, "सर, घराचं मी बघतो." एक साळुंकी उडून गेली. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. पक्षी आलाच नाही तर त्याने शिववतात.

"थांबा जरा," मी म्हटलं.

गुडघे धरत पुढे गेले. पिंडाकडे बघून म्हटलं, "मास्तर, तो गेलाच असता. तुम्ही काही शिकवलं नसतं तरी गेला असता."

प्रकाश माझ्याकडे बघायला लागला. साळुंकी खाली आली, भाताचं एक शीत उचललं आणि उडाली. सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत.

तिला भूक लागली असेल. असंच असणार. पण बरं झालं म्हणावं तर मी खोटं बोलले, आणि खोटं बोलले म्हणावं तर तेही आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कपड्यांनिशी पाण्यात शिरताना पोराने चिमटे मोजले असतील का? हे विचारायला पलीकडे कुणी नाही. घर रिकामं आहे.

टॉग्ज मी मास्तर गेले त्याच दिवशी सिंकवरून उचलून आणली होती. आणली तेव्हा ओली होती, म्हणून वाळत घातली. पुढच्या शनिवारी ती कोरडी होती. तरी धुतली.