धाकटीचं विरजण

रिपोर्ट आले तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात धाकटी बहीण माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, मेले, इथंसुद्धा तूच?

आमचा भाऊ दोघींच्या मधला. कवठ्याला शेती बघतो. त्याच्या हाडातल्या मगजानं रक्त तयार करणंच सोडलं. जरा कुठं लागलं की काळंनिळं, चूळ भरली की हिरड्यांतून रक्त. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणीच्या मूळपेशी जुळल्या तर त्या याच्या अंगात सोडू. दोघींनी रक्त तपासायला दिलं. माझंच जुळणार याची मला एवढी खात्री, की जावेला गोठ्याचं बघायला सांगून मी बॅग भरूनच आले होते.

का नसावी खात्री? माझं सासर केडगाव. चौफुल्यावरून न्हावरा, तिथून शिरूर, शिरूरहून कवठे, हा रस्ता त्याच्या आजारपणात मी किती तुडवला ते एसटीच्या कंडक्टरला विचारा. उशाशी मी बसले. प्लेटलेट द्यायला गावातली पोरं जीपमध्ये घालून पुण्याला मी आणली. धाकटी हडपसरला कंपनीत. ती आपली व्हिडिओ कॉलवर, "दादा, काळजी घे हं." आणि पेशी जुळल्या तिच्या.

"डॉक्टर, माझ्यात काय कमी हाय?" मी विचारलंच.

"कमी काही नाही हो ताई. आईबापाकडून कुणाला काय येतं, तो नशिबाचा भाग."

नशीब! ते तर तिनं जन्मतानाच माझ्या वाटणीचंसुद्धा उचललं.

मग तिथल्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं. मूळपेशीला दोन कामं. आपल्यासारखीच दुसरी मूळपेशी करायची, नाहीतर हळूहळू बदलत रक्त व्हायचं. रक्त झालेली पुन्हा मूळपेशी होत नाही. सगळ्याच रक्त व्हायला निघाल्या तर मागं काही उरणार नाही, आणि सगळ्याच जशाच्या तशा बसल्या तर अंगात रक्त कुठून यायचं? कुणी थांबायचं, कुणी निघायचं, हे मगजातला शेजारपाजार त्यांना सांगत असतो.

मी म्हटलं, "म्हंजी एकीनं घर धरून बसायचं आन् एकीनं भाईर जाऊन मोठं व्हायचं. आमच्या घरात हे कवाच झालंय."

डॉक्टरबाई हसल्या.

भावाच्या डोक्यावरून सगळं गेलं होतं. त्याला मी सांगितलं, "सगळं दही खाऊन टाकलं तर उद्या दूध कशानं विरजायचं? चमचाभर मागं ठेवावंच लागतं. तुझं विरजण संपलंय. आता हिचं मागून घ्यायचं." "हिचं" म्हणताना माझी जीभ जड झाली.

तर त्याला काळजी कुणाची? "आन् हिचं संपलं तर गं, आक्का?"

नाही संपत, डॉक्टरबाई म्हणाल्या. उरलेल्या पेशी आपल्यासारख्या आणखी करतात, थोड्याच दिवसांत भरपाई होते. घ्या! देऊनसुद्धा भरलेली. तिचं कधी काही कमी झालंय का?

पेशी हाडातून रक्तात उतराव्यात म्हणून तिला रोज सुई टोचायचे. कंबर ठणकायची, कण्हायची बिचारी. मी तिची कंबर शेकली. शेकताना सारखं वाटायचं, ही कळ माझ्या हक्काची होती. मग तिला मशीनवर बसवून पेशी काढून घेतल्या. एवढीशी पिशवी, ती सलाइनसारखी भावाला लावली. तो काचेच्या खोलीत आणि मी बाहेर. कवठ्याच्या येमाईदेवीला साकडं घातलं, आई, हिच्याच पेशी रुजू दे. रुजू दे म्हणत होते आणि जळतही होते. दोन्ही खरं.

रुजल्या. काही महिन्यांनी तपासणीला मीच त्याला घेऊन गेले, तर त्याचा रक्तगट बदललेला. जन्मापासून त्याचा न् माझा गट एक, बी. आता तिचा ओ. डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच होतं, आता रक्त बहिणीच्या पेशी तयार करतात. म्हणजे उद्या वेळ आली तर माझं रक्तही त्याला चालायचं नाही.

बाहेर बाकावर बसून त्यानं पहिला फोन तिला लावला. "काय गं, आपलं रक्त लय भारी हाय!" आणि दोघं हसत सुटली. आपलं! त्याची फाईल मांडीवर घेऊन मी शेजारीच बसले होते. ती फाईल मी बाकावर आपटली.

फोन ठेवून त्यानं माझ्याकडं बघितलं. "आक्का, राग आला व्हय?"

"आला," मी म्हटलं. "लय आला. तिच्या रक्तावर जग, न्हाईतर आनखी कुणाच्या. पर माझ्या आदी गेलास तर बघ, मुडद्या."