आवाज तेवढा दुसऱ्याचा

रावमामा गेले हे कळलं तेव्हा मी ऑफिसात कुणाशी तरी फोनवर तावातावानं भांडत होते. मध्येच नवऱ्याचा फोन आला, तो मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तो त्याच्यावरच ओरडत, "कुठं आग लागलीय का?" तो म्हणाला, "खालचे मामा गेले गं... चहा पिता पिता." माझा स्वभाव हा असा. आणि ज्या माणसानं तो नऊ वर्षं हसून चालवून घेतला, त्याच्या मरणाची बातमीसुद्धा मी ओरडूनच ऐकली.

नाशिकहून आम्ही मैसूरला आलो आणि कुवेंपुनगरात भाड्यानं राहिलो. वर आम्ही, खाली घरमालक नागोजीराव आणि मामी. त्यांचे पूर्वज मैसूरच्या फौजेत चाकरीला आलेले मराठे. स्वतः राव नजरबादच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी आमचं कपाट जिन्यात अडकलं होतं, आणि हे खालून विचारताहेत, "ऊट झालं का, ताई?" ऊट म्हणजे जेवण, आणि हा गृहस्थ आपल्याशी मराठीत बोलतोय, हे कळायला मला आठवडा लागला. कन्नड आणि मराठी त्यांच्या तोंडात दहीभातासारखी कालवलेली असायची. मी हसायचे. तेही हसायचे.

चाळिशी ओलांडल्यावर मला लघुपट करायची खाज सुटली. ऐपत नाही आणि हौस दांडगी! दहा मिनिटांची गोष्ट होती. एक म्हातारा जुनी स्कूटर विकायला काढतो, आणि गिऱ्हाईक आलं की काहीतरी खुसपट काढून त्याला परत पाठवतो. कॅमेरा म्हणजे नवऱ्याचा फोन, उजेडासाठी फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल, जेवणाला मामींच्या हातचं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात. स्कूटर मामांची, आणि म्हाताराही तेच. बन्नूरच्या रस्त्यावर उसाच्या कडेनं ते स्कूटर चालवताहेत, पुढं मी मोपेडवर, माझ्या मागं उलट्या तोंडानं बसून नवरा शूटिंग करतोय, आणि मी मान वळवून बोंबलतेय, "मामा, कॅमेऱ्यात बघू नका हो!" त्यावर ते कॅमेऱ्यात बघूनच म्हणाले, "नाही बघत, ताई." चार रविवार आम्ही हा उद्योग केला. इतकी मजा मला आयुष्यात फार वेळा आलेली नाही.

त्यांना संवाद चोख पाठ असायचे. फक्त ते त्यांच्या मराठीत यायचे. "लिहिलंय तसं म्हणा की!" मी वैतागायचे. "तसंच तर म्हटलं," ते म्हणायचे, आणि त्यांना खरंच तसं वाटायचं.

संकलन माझ्या पुण्याच्या भावानं फुकटात केलं. फोनवरून उंटावरून शेळ्या हाकणं चाललेलं. तो म्हणाला, "माणूस सोन्यासारखा आहे, पण ही भाषा? स्पर्धेत कोण ऐकून घेणार? माझ्या ओळखीचा एक नट आहे, तो आवाज देईल." भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, बँकेतल्या बाईशी भांडणारी मी, तेव्हा भांडले नाही. कारण मला मनातून तेच वाटत होतं. मला त्या मराठीची लाज वाटत होती... खरं ते खरं. फोनातलं शूटिंग जागेसाठी आधीच पुसलेलं, भावाची डिस्कही भरली होती, दुसरी घ्यायला पैसे नव्हते. "मूळ आवाज उडवू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "उडव."

मामांना मी आधी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता पहिल्या खेळाचा दिवस उजाडला. इथल्या मराठी मंडळींच्या छोट्या हॉलमध्ये चाळीसेक खुर्च्या. मामींचे गुडघे धरलेले, म्हणून मामा एकटेच आले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पडद्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून पुण्याचा नट बोलू लागला. मी अंधारात त्यांच्याकडे बघितलं. ते हात मांडीवर ठेवून सरळ बसले होते. शेवटी टाळ्या पडल्या. एक बाई पुढं येऊन त्यांना म्हणाल्या, "राव, किती शुद्ध मराठी हो तुमचं! इथले वाटतच नाही." मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताईनं शिकवलं."

तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेती तर बरं झालं असतं. पण मी काय केलं? हसले. घरी येतानाही माफी मागितली नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

त्यानंतर ते माझ्याशी कन्नडमध्ये बोलू लागले. "ऊट आय्ता, मेडम?" मला वाटलं, चला, आपलं कन्नड सुधारेल! दोन वर्षं मी त्यांना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये उत्तरं देत राहिले आणि स्वतःवर खूश होत राहिले. इतकी कशी मी मठ्ठ?

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मामी कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आल्या. बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "त्यांचा आवाज कुठंच नाही गं. फोनात फोटोच फोटो. तुज्या पिक्चरात हाय न्हवं? कितींदा म्हटलं, दाखवा मला, तर आज नको, उद्या बघू. आता तू दाखव."

म्हणजे आवाज बदलल्याचं मामांनी घरी सांगितलंच नव्हतं. माझं झाकून ठेवलं होतं.

मी सगळं सांगितलं. मूळ आवाज उडवल्याचंही. मला वाटलं होतं शिव्या घालतील, आणि घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मामी एवढंच म्हणाल्या, "अस्सं होय... मी विचारलं होतं, ताईशी कन्नड का बोलताय? म्हणाले, आपलं मराठी घरातच बरं."

मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "लाव. आवाज बंद कर." मी टीव्हीवर मुका पिक्चर लावला. स्कूटरवर हात ठेवून मामा गिऱ्हाइकाशी बोलू लागले, आणि मामी बोलू लागल्या. शूटिंगच्या दिवसांत रोज सकाळी मामांचं पाठांतर त्यांनीच तर करून घेतलं होतं. माझं वाक्य होतं, "हिच्यावर रागावू नकोस, बाळा, हिला माणूस कळतो." मामी म्हणाल्या, "हिला बैयू नको, मगा. सुम्मने उगीच दोन गोष्टी सांग, मग किक मार. हिला माणूस गोत्त हाय." मामांचे ओठ आणि ते शब्द अगदी एकावर एक बसले. पहिल्यांदाच.

मी रडत रडत फोन उचलला. "मामी, हे रेकॉर्ड करू? पिक्चरात तुमचा आवाज घालते..."

"नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "लोकांना तुजं ते राहू दे. हे घरातलं हाय."

आता मी ऑफिसातून येते तेव्हा खालच्या खोलीत पिक्चर लागलेला असतो, मुका, आणि मामी बोलत असतात. मी जिन्यात चपला हातात घेऊन उभी राहते, त्यांचं पूर्ण होईपर्यंत. दार उघडंच असतं. पण मला आत जाववत नाही.