येसूची मांडणी

साखरशेतच्या येसूची कंबर मोडली ती राबासाठी, पेरणीआधी शेत भाजायला, फांद्या आणताना. जव्हारला तेव्हा राजाचा अंमल होता. डोक्यावर भारा घेऊन उतरणीला लागली, पायाखालचा दगड सुटला आणि ती खालच्या बांधावर आदळली. वैदूने लेप लावले. तीन महिन्यांनी ती उठली, पण पुन्हा सरळ झाली नाही. कमरेतून वाकूनच चालायची.

घरातलं बियाणं माळ्यावर असे. भात, नागली, वरई, उडीद. सगळं तिनेच निवडून मडक्यांत भरलेलं. आता शिडी चढणं संपलं. काही लागलं की सून सोमी, मुलाची, माघ्याची बायको, चढायची. सोमीने कधी तोंड वाकडं केलं नाही. पण एकदा शेजारची काळी वरईचं बी मागायला आली आणि सोमी रानात गेलेली. दोघी बराच वेळ माळ्याखाली बसून राहिल्या. शेवटी काळी तशीच परत गेली. येसूला ते फार लागलं.

घराच्या मागच्या अंगाला छप्पर उतरत उतरत कमरेएवढं खाली येई. तिथे जाईल त्याचं डोकं आपटे. येसू मात्र तिथे सहज वावरे.

"मना बांबू आणून द्या," ती नवऱ्याला, भिकाला म्हणाली. "या कोपऱ्यात मांडणी बांधते."

"माघ्याची आय, तिथं शेळी उभी राहत नाही."

"शेळीला कशाला? मीच राहीन उभी."

भिकाने बांबू आणले. येसूने ते चिरले, सगळे एका मापाचे तोडले आणि कुडाच्या भिंतीला टेकवून बांधायला घेतले. खालचा थर बसला. वरचा छपराला अडला. भिका म्हणाला, "छप्परच जरा उचलतो." तिने ऐकलं नाही. एकेक कांब उतरत्या छपराला लावून बघायची, अडेल तिथे कोयत्याने खूण करायची. खालची फळी हातभर रुंद झाली, मधली वीतभर, सर्वांत वरची जेमतेम चार बोटं.

दोन दिवसांनी मधली फळी खचली. नागलीचं मडकं फुटलं, दाणे मातीत गेले. येसूने दाणे मातीसकट गोळा केले. सूप घेऊन संध्याकाळपर्यंत एकटीच पाखडत बसली.

"सोड आता हे," भिका म्हणाला.

"मध्ये टेकू नाही. दोन बेचक्याचे खांब पाहिजेत."

खड्डे खणायला भिका आत शिरला. तीनदा डोकं आपटलं. तिसऱ्यांदा त्याने छपरालाच शिवी दिली, आणि पडल्यापासून पहिल्यांदा येसू खळखळून हसली. सोमी अंगणातून धावत आली.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही गं. खांब रोवतोय आम्ही."

त्या खेपेला मांडणी हलली नाही. सोमीने मडकी उतरवून दिली. येसूने त्यांची तोंडं शेणाने लिंपली आणि आपल्या हाताने एकेक लावली: नागली खाली, वरई मध्ये, भाज्यांचं बी वरच्या चार बोटांत. मग निरोप पाठवून काळीला बोलावलं आणि ओंजळभर वरई तिच्या पदरात घातली.

पुढे पोशेऱ्यासारख्या दुसऱ्या गावांहूनही बायका तिला मांडणी बांधायला बोलवायला येऊ लागल्या. माघ्या तिला बैलगाडीतून न्यायचा. नव्या घरात गेली की ती आधी सगळ्यांत अडचणीच्या कोपऱ्यात जाऊन बसे आणि घरधनिणीला म्हणे, "कोयता दे. आणि तू काय काय साठवतेस ते सांग."