रत्नाकाकींची मान आणि कुंदाचा कॅमेरा

कुंदाच्या घरी भिंतीवर तिच्या सासूबाईंचा, रुक्मिणीबाईंचा फोटो आहे, आणि त्या फोटोत रुक्मिणीबाईंच्या खांद्यावर एक हात आहे. नुसता हात. मनगटाला घड्याळ, बोटात अंगठी, आणि पुढे माणूसच नाही. म्हातारी गेली तेव्हा तिचा एकटीचा असा धड फोटो घरात सापडेना. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढली, मोठी केली, हार घातला. हात काही निघेना. तेराव्याला आलेला जो तो नमस्कार करायचा आणि हळूच विचारायचा, "हात कुणाचा गं?" कुंदाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जिने जन्मभर सगळ्यांना रांधून वाढलं, तिला मेल्यावरही स्वतःपुरती चौकट मिळू नये?

हे सगळं जोगेश्वरीतलं, गुंफेकडच्या रस्त्यावरच्या चाळीतलं. कुंदा कणकवलीकडची, शाळा सातवीपर्यंत, हात मात्र शिवणयंत्रावर बसलेला. नवरा बाळा. त्याचा बाप गिरणीत होता, तो स्वतः अंधेरीच्या छापखान्यात राबून आता घरी बसलेला. बोलायचा कमी, पण बोलला की काटा टोचलाच. मुलगी मानसी पवईला ऑफिसात. तिने हौसेने एक कॅमेरा घेतला होता, रविवारी तलावावर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायला.

तो कॅमेरा कुंदाचा झाला तो खंडेनवमीला. घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. विळी, कात्री, बाळाचे पाने-पकड. त्यात कुंदाने कॅमेराही ठेवला. पोरीची रोजी नसली म्हणून काय झालं, यंत्र ते यंत्र. हळदकुंकू कुठे लावायचं हा प्रश्न पडला. याला कपाळ कुठे असतं? पुढची गोल काच तोंडासारखी दिसली, म्हणून तिथेच बोट टेकवलं. मग वाटलं जास्त झालं, म्हणून पदराने घासून पुसलं.

मानसी अंघोळ करून आली ती किंचाळलीच. "आई! काचेला?"

"मग काय पाठीला लावू?"

दुरुस्तीवाल्याने कुंकू काढलं, पण पदराचा ओरखडा राहिला तो राहिलाच. मानसी दोन दिवस धुमसली. मग तिने नवा कॅमेरा घेतला आणि जुना आईच्या मांडीवर ठेवला. "घे. पूजा तू केलीस, आता देव तूच सांभाळ."

बाळा म्हणाला, "बघ हं, उद्या फ्रीजला कुंकू लावेल. तोही मिळेल."

मानसीला वाटलं, आई चार दिवस खेळेल आणि विसरेल. पण कुंदाच्या डोक्यात तो घड्याळवाला हात होता. ती शिकायला बसली ती बसलीच. मानसी सांगायची इंग्रजीत, कुंदा समजून घ्यायची घरच्या भाषेत. आत एक भोक असतं ते लहानमोठं होतं, म्हणजे मांजराच्या डोळ्यातली बाहुली, उन्हात बारीक आणि अंधारात मोठी. शटर म्हणजे दार, किती वेळ उघडं ठेवायचं ते आपण ठरवायचं. आणि आयएसओ, उजेड वाढवणारं बटण, म्हणजे म्हाताऱ्याच्या कानातलं यंत्र. वाढवलं की ऐकू येतं खरं, पण खरखरही वाढते. तशी फोटोत रव्यासारखी कणी पडते. एकदा मानसीने तिला गुंफेत नेलं. आतल्या अंधारात समईपुढचं देवीचं दगडी तोंड कणीसकट का होईना, पण उमटलं, तेव्हा कुंदाने कॅमेऱ्यालाच नमस्कार केला. या वेळी लांबून.

त्या ओरखड्यानेही तिला एक गोष्ट शिकवली. समोरून उजेड आला की फोटोवर दुधाची साय धरायची. म्हणून तिला सवयच लागली, माणसाला खिडकीच्या बाजूला बसवायचं, खिडकीपुढे नाही.

सराव करायला घरात हलणारं काय, तर पंखा. दार हळू मिटलं की पंख्याचं जाळं व्हायचं. दार झटकन मिटलं की तीनही पाती मोजून घ्या, अशी. तो फोटो तिने बाळाला दाखवला.

"पंखा बंद पडला काय?" बाळा म्हणाला.

"अहो, चालू आहे! मी थांबवलाय."

"मला तर बंद दिसतो बुवा."

कुंदाला राग आला. मेहनत बघत नाही माणूस. बाळाचा स्वतःचा फोटो मात्र तिला मिळायचा तो झोपेतला, तोंड उघडं टाकलेला. जागेपणी कॅमेरा वर केला की हा उठून चहा आणायला.

मग पुढच्या पावसाळ्यात चाळीतले लोक फोटो काढायला बोलवायला लागले. वरच्या मजल्यावरच्या दादूकाकांचा फोटो तिने सत्यनारायणाला काढला. नव्वदीचं माणूस, पण काय तेज आलं होतं! ते महिन्याभरात गेले. भिंतीवर फोटो लागला तेव्हा सगळे म्हणाले, वा, जिवंत वाटतात. पाठोपाठ खालच्या मजल्यावरच्या माधुरीच्या सासूबाईंचा काढला. त्या तर आधीच खाटेला खिळलेल्या. त्याही गेल्या. झालं! चाळीला एवढं पुरे असतं. "कुंदाने फोटो काढला की माणूस भिंतीवर जातो." नळावर बोललं गेलं, गच्चीवर बोललं गेलं. कुंदा कॅमेरा घेऊन गॅलरीत आली की म्हाताऱ्या पदर तोंडावर ओढायच्या, आणि एरवी गुडघे धरून बसलेले म्हातारे टुणकन उठून आत.

"तुझी पत वाढली गं," बाळा म्हणाला. "लोक उठून उभे राहतात."

कुंदा हसली नाही. कॅमेरा कपाटात साड्यांखाली गेला.

तो बाहेर काढायला लावला रत्नाकाकींनी. रत्नप्रभाकाकी शेजारच्याच. गिरणी कामगारांची खानावळ चालवून दोन मुलगे वाढवले. कुंदा नवी नवरी होऊन आली, सासूच्या धाकाने अर्धपोटी उठायची, तेव्हा हिने तिला मागच्या दाराने हाक मारून भात-कढी वाढलेली. आता काकी ऐंशीच्या घरात, आणि मान सारखी हलती. डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, जशी काही जगाला कायमची "नाही" म्हणते. भाजीवाला भाव सांगायचा, हिची मान हलायची, तो बिचारा आपणहून उतरायचा. थोरल्यासाठी चेतनाला बघायला गेल्या तेव्हा "मुलगी कशी वाटली?" विचारल्यावर मान अशी हलली, की चेतनाचे वडील चपला घालायला निघाले होते.

या मानेपायी काकींचा एकही फोटो धड नव्हता. मुलाच्या लग्नात सगळी तोंडं लख्ख आणि काकींच्या जागी धूर. आधारकार्डावर तर भूतच. आणि आता तुळशीचं लग्न झालं की धाकटा नंदू त्यांना कायमचं गावी नेणार होता, सावंतवाडीला.

"जाण्याआधी माझो एक फोटो काढ गो," काकी म्हणाल्या. "तोंड दिसात असो. एकच."

कुंदा उत्तर देणार, तोच काकींची सून चेतना बाहेर आली. "कुंदाकाकी, राग मानू नका. पण लोक काय बोलतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. यांना एवढ्या लांब प्रवासाला जायचंय."

"गो चेतना," काकी म्हणाल्या, "फोटो नाय काढलो तर मी मरूचंय नाय काय?"

पण कुंदाचा जीव टांगणीला लागला. काकी गेल्या की गेल्या, परत यायच्या नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. फोटो जमला नाही तर उद्या यांनाही कुठल्यातरी घोळक्यातून कापतील. तेव्हा हात कुणाचा आणि तोंड कुणाचं, दोन्ही विचारतील. आणि फोटो जमला, आणि काकींना वाटेत काही झालं, तर? मग या चाळीत तिने तोंड कसं दाखवायचं?

तरी तिने कॅमेरा काढला. पहिले फोटो घरातच काढले. धूर. फ्लॅश लावला तर मान थांबली खरी, पण कपाळ तुपाने माखल्यासारखं आणि डोळे गच्च मिटलेले. "ह्यो तर आताच भिंतीर लाव," काकी म्हणाल्या, आणि चेतनाने "अगं बाई" म्हणून तोंडावर हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाने काकींना गॅलरीत कोवळ्या उजेडात बसवलं. मांजराचा डोळा सताड उघडला, कानातलं यंत्र वाढवलं, आणि दार पंख्याला लावायची तसं, झटकन. नेम डोळ्यावर धरला. मान इकडे, मान तिकडे, टिक.

आला! पापणीचा केस न् केस. गालावरच्या सुरकुत्या, नाकातली चमकी, हनुवटीवरचं गोंदण. कणी थोडी पडली होती, पण चेहरा लख्ख. कुंदाचा ऊर भरून आला. तिने पडदा काकींपुढे धरला.

काकी बघत राहिल्या. मान हलत होती. नाही म्हणतात की नेहमीचीच हलते, कळेना.

"ही कोण गो?"

"काकी, तुम्हीच की!"

"मी न्हय." त्यांनी पडद्याला बोट लावलं. "ह्या बायलेची मान हालत नाय. ही मेलेली आसा."

कुंदाने कॅमेरा बंद केला. इतक्या खटपटी करून, इतक्या बोलण्याला तोंड देऊन शेवटी हे? ती घरी येऊन शिवणयंत्रापुढे नुसतीच बसली. वर पंखा फिरत होता. बाळाने विचारलं, तिने सांगितलं.

बाळाने वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पंख्याच्या वेळी मी काय वेगळं म्हटलं होतं?"

असा नवरा असला की वाद घालायचीही सोय राहत नाही. कुंदा उठली.

परत गॅलरी. या वेळी तिने तांदळाचं पिंप ओढून आणलं, त्यावर घडी घातलेली गोधडी आणि गोधडीवर कॅमेरा, म्हणजे आपला हात हलायला नको. काकींच्या मांडीवर तांदळाचं सूप दिलं. काकींचे हात कधीच हलत नसत, तांब्याच्या कड्यासारखे घट्ट. दार आता हळू मिटायचं ठेवलं. फार हळू ठेवलं तर तोंड विरघळून जाई. थोडं कमी, अजून थोडं कमी, असं मिठासारखं चाखत चाखत तिने बेताचं धरलं.

"काकी, मी नवी आले तेव्हा मागच्या दाराने मला पहिल्यांदा काय वाढलं होतंत?"

"कढी! आणि तू रडत होतंस. म्हणालंस, तिखट लागता." काकी हसायला लागल्या. "कढी कधी तिखट आसता काय गो?"

टिक.

सूप लख्ख होतं, दाणा न् दाणा. बांगड्या, लुगड्याच्या निऱ्या, सुपाच्या काठावरची बोटं, सगळं ठाम. आणि वर तोंड, किंचित हललेलं, जसं पाण्यात बघावं. पण हसू त्यातून दिसत होतं, आणि नाही नाही म्हणणारी ती मानही दिसत होती.

काकींनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला. "हां. ही मी." मग म्हणाल्या, "ती थांबलेली पण ठेव. मी थांबलंय की ती लावा. तवसर ही."

चेतनाने डोळे पुसले आणि पुसता पुसता म्हणाली, "कुंदाकाकी, फ्रेम मी करून आणते."

तुळशीचं लग्न लागलं. काकी गावी गेल्या, फोटो पिशवीत लुगड्यांच्या मधे. कुंदा मनातून धास्तावलेलीच होती. एके दिवशी नंदूचा फोन आला आणि तिला उचलवेना. शेवटी बाळाने उचलला आणि तिच्या कानाला लावला.

पलीकडून काकीच. फोटो पडवीत लावलाय, येणारा जाणारा बघून विचारतो, म्हातारी हललेली कशी आली. "मी सांगतंय, ता खरा आसा म्हणून." मग म्हणाल्या, "अजून हालता हा गो."

फोन ठेवला तेव्हा कुंदाला रडू की हसू कळेना. बाळा खिडकीच्या बाजूला जाऊन बसला होता. खिडकीपुढे नाही, बाजूला. शर्टाची वरची गुंडी लावली. नेहमीच्या सवयीने त्याचा पाय हलत होता.

"अहो, काय?"

"काही नाही. कॅमेरा आण." तो भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे, त्या हाताकडे बघत म्हणाला. "पंखा चालू दे. आणि पाय हलायचा थांबव म्हणून सांगू नकोस."

कुंदाने पिंप ओढलं.