बळीरामचं गाऱ्हाणं

शांताराम बळीरामला कितपत ओळखत होता? दारासमोर दार, वर्षानुवर्षांचा शेजार. तरी तो मालवणकडचा आणि त्याची बायको आशालता अधूनमधून वाटीभर सोलकढी आणून देते, एवढंच त्याला ठाऊक. बळीराम चिडला की कसा दिसतो, हे तर यंदाच्या मे महिन्यापर्यंत त्यानं पाहिलंच नव्हतं.

एप्रिलात आशालता गेली. आचोळ्यातल्या त्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर तापलेला स्लॅब, भरदुपारी वीज गेलेली. स्वयंपाकघरात कोसळली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. भेटायला आलेले म्हणाले, देवाची इच्छा. तेराव्यालाही तेच, जिन्यातही तेच. शांतारामला राग यायचा. देवावर ढकललं की हात झटकून जेवायला मोकळे! पण बोलायची हिंमत कुठली?

सोसायटीच्या सत्यनारायणाला गाऱ्हाणं घालायचा मान बळीरामचा. खड्या आवाजात तो सगळ्यांचं मागणं देवापुढे मांडायचा आणि कोकणातली बिऱ्हाडं हात जोडून दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. पूजेआधी सेक्रेटरी जितेंद्र त्याच्या दारात आला.

“बळीरामकाका, यंदा जरा उन्हाचं घाला. देव कोपलाय. चुकलंमाकलं पोटात घाल म्हणावं.”

“देव कशाला कोपतोय?”

“बरं, देव नाही तर निसर्ग. पृथ्वी कधी तापते, कधी गार होते. चालायचंच.”

“आणि मागची चिंचेची झाडं पार्किंगसाठी कोणी तोडली? पृथ्वीनं?”

“चार झाडांनी जग तापतं होय, काका?”

“जगभर सगळे हेच म्हणतात, म्हणून तापतं!”

जितेंद्र हसला. “घाला हो. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही.”

पूजेच्या दिवशी बळीराम नारळ घेऊन उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा! मागची झाडां तोडली ती आमीच तोडली!”

“व्हय म्हाराजा!” सवयीनं सगळे गरजले.

“कोळसो जाळलो, पेट्रोल जाळलां, आभाळ धुरान भरलां, तां आमीच!”

“व्हय म्हाराजा!”

“एसी लावन गरम वारो शेजाऱ्याच्या खिडकीत सोडलो, तोय आमीच!”

“व्हय म्हा...” आता कुठे लोकांच्या ध्यानात आलं. पोरं खिदळली. जितेंद्र पुढे झाला, “काका, आवरा आता!”

बळीराम थांबला नाही. “माझी आशालता गेली, ती तुझ्या मर्जीन नाय गेली! तिका ह्या उष्म्यान मारल्यान, आणि उष्मो आमी केलो!”

भटजी तबकातली फुलं सारखी करू लागले. कोणी चपला शोधू लागलं. मघाशी तोंडभर ओरडणारे ते सगळे गप्प झालेले पाहून शांतारामच्या कानशिलांत आग पेटली.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला. एकटाच. आवाज फाटला, पण शेवटपर्यंत म्हणाला.

बळीरामनं वळून त्याच्याकडे पाहिलं आणि नारळ देवापुढे ठेवला.

पुढच्या वर्षीपासून गाऱ्हाणं जितेंद्र घालणार, असं कमिटीनं ठरवलं. बळीरामनं घराला कुलूप लावलं. तो कायमचा गावी निघाला. जिन्याशी शांताराम भेटला. पूजेचा विषय दोघांनीही काढला नाही.

“पाणी आलं काय तुमच्याकडे?” बळीरामनं विचारलं.

“आलंय. धार बारीक आहे.”

“मग भरून घ्या. आता बंद करतील.”

“घेतो.”