टोरंटोहून येणारा वळसा

जगातले कुठलेही दोन विमानतळ सांगा, माझ्या बहिणीचे सासरे त्यांच्यातलं अंतर आणि प्रवासाचा वेळ चहा निवायच्या आत काढून देतील. आणि हा माणूस आजवर एकदाही विमानात बसलेला नाही. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर टर्नर होते, त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. हॉलमध्ये पृथ्वीगोल, शेजारी दोरा आणि पोलादी पट्टी. दोन शहरांवर दोरा ताणायचा, पट्टीला लावायचा. एक मिलिमीटरला बेचाळीस किलोमीटर, ताशी नऊशेचा वेग, शिवाय चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. मुलाला सिडनीत नोकरी लागली म्हणून शेजारच्या बाई पेढे घेऊन आल्या, तर नोकरी कसली हे यांनी विचारलंच नाही. "मुंबईहून पावणेबारा तास," पेढा तोंडात असतानाच म्हणाले. "पुढे नुसता समुद्र आहे. त्याला झोपून जायला सांगा." पिंपळगावच्या द्राक्षांच्या निर्यातीचं मी एकदा कौतुक केलं. "ती बोटीनं जातात," ते म्हणाले, आणि विषय संपला.

गेल्या हिवाळ्यात त्यांची लेक तीन वर्षांनी टोरंटोहून येणार होती. साडेचौदा तास, सकाळी नऊला मुंबई, असं यांनी जाहीर केलं. पहाटेच्या चहाला त्यांनी तिला कॅस्पियन समुद्रावर आणलं. नऊ वाजले, दहा वाजले, फोन लागेना. बहिणीनं पुढ्यात ठेवलेले पोहे गार झाले. त्यांनी दोरा तीनदा ताणून पाहिला. तो तेवढाच भरत होता. "माझंच चुकलेलं असू दे," ते हळूच म्हणाले. आपलं चुकलं असावं अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवल्याचं बहिणीनं पहिल्यांदाच ऐकलं.

साडेअकराला ती मुंबईत उतरल्याचा फोन आला, संध्याकाळी पाचला लेक दारात. चपलाही न काढता तिनं मोबाइल पुढे केला. विमानातल्या नकाशाचे तिनं दर तासाला फोटो काढले होते. "बाबा, वाटेतल्या एका देशानं आकाश बंद केलं होतं. बघा, असे फिरून आलो." दोघं गोलावर वाकले. ती बोटानं दोरा दाबून धरायची, ते पुढे वळवायचे.

"इथं खाली काय दिसलं?"

"ढग."

"आणि इथं?"

"इथं फोटो काढला आणि झोपले, बाबा."

त्यांचा चेहरा जरासा उतरला, पण फोटो मात्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

सुट्टी संपवून निघताना तिनं विचारलं, "तुम्ही कधी येताय?" त्यांनी तिची बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. पुढच्या रविवारी मात्र मला बोलावून घेतलं. पासपोर्टचा फॉर्म भरायचा होता. मी एकेक विचारत होतो, ते चटचट सांगत होते. बायकोच्या नावाचा रकाना आला तेव्हा थांबले. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

"ती होती तेव्हाच दोघांचेही पासपोर्ट काढायला हवे होते," ते म्हणाले. "लेकीकडे कधी जायचं, असं ती विचारायची. मी नुसतं अंतर सांगायचो."